समुद्राचे देणे

नाशिकच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, याचे वाचकांना हसू येईल. गोदेच्या काठी राहून कोळ्यांच्या पोटापाण्याची ही उठाठेव कशाला? परंतु थोडा विचार केला म्हणजे दिसते, की आपण समजतो तितके समुद्रापासून दूर नाही. त्र्यंबकच्या डोंगरांत पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. गोदावरी पूर्वेस जाऊन आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेस उतरून अर्नाळ्याजवळ अरबी समुद्र गाठते. दोन्ही मुखांशी मासेमारीवर जगणारी माणसे आहेत. आपल्या डोंगरांचे पाणी ज्यांच्या होड्यांखाली जाते आणि ज्यांची मासळी कसारा घाट चढून आपल्या बाजारात येते, त्यांच्याशी आपले काहीच नाते नाही, असे कसे म्हणावे?

प्रश्न तसा जुनाच आहे : ज्याला कोणी धनी नाही, ते सर्वांचे की बलवंताचे? शेताला बांध असतो, सातबारा असतो. समुद्राला यांपैकी काही नाही. मासा जाळ्यात येईपर्यंत कोणाचाच नसतो. आणि मग ज्याचे इंजिन मोठे, ज्याचे जाळे लांब, त्याचा तो होतो. पर्ससीन नावाचे जाळे माशांच्या थव्याभोवती टाकतात आणि बटव्याची दोरी ओढावी तसे खालून आवळतात. बटवा भरतो, पण मागून येणाऱ्या लहान होडीला काय उरते? बळी तो कान पिळी हा न्याय जमिनीवर आपण निदान तोंडाने तरी निंद्य मानतो. पाण्यावर मात्र त्यालाच प्रगती म्हणतो.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा केला, 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. 2017 मध्ये केंद्र सरकारने प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यास बंदी केली. पण अथांग पाण्यावर पहारा ठेवणार किती?

सामायिक मालमत्ता माणसे ओरबाडून संपवतात, असे गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने 1968 साली मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने देशोदेशीची उदाहरणे तपासून दाखवले, की तसे होणे अटळ नाही. वापरणारेच एकत्र बसून नियम करतात आणि पाळतात, तेथे सामायिक वस्तू टिकते. 2009 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या कोळ्यांना हे अगदीच नवे नव्हते. डोलीचे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीत ज्या जागी लावतात तिला ते ‘कव’ म्हणतात, आणि कोणती कव कोणाची हे परंपरेने ठरलेले असे. भांडणे होतच, परंतु भांडायलाही आधी काही नियम मान्य असावा लागतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावाचून होड्या लोटायच्या नाहीत, या रिवाजात भक्ती होती, तसा संयमही होता. आज 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हे दिवस पुष्कळ माशांच्या विणीचे.

येथेच खरा नैतिक पेच आहे. संयम चांगला खरा, पण त्याची किंमत कोणी मोजायची? बंदीच्या दोन महिन्यांत ज्याच्या गाठी पैसा आहे, तो बोट शाकारून निवांत बसतो. परक्याच्या बोटीवरचा खलाशी, ससून गोदीत कोळंबी सोलणारी बाई, पाटी घेऊन दारोदार फिरणारी कोळीण यांची चूल रोजच्या कामावर पेटते. मासा वाचला तर लाभ सर्वांचा. उपास मात्र यांचा. ज्या व्रताचे पुण्य सगळ्यांनी घ्यायचे, त्याचा उपास एकट्या गरिबाने धरावा, हे कोणत्या धर्मात बसते? म्हणून निसर्गरक्षण आणि न्याय या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. न्यायावाचून घातलेली बंदी गरीब मनापासून पाळणार नाही. आणि मासाच उरला नाही, तर न्यायाने वाटायचे तरी काय?

हे नाशिककराला समजावून सांगण्याची गरज नसावी. लासलगावच्या आवारात कांद्याची गाडी घेऊन उभा राहिलेला शेतकरी भाव स्वतः ठरवीत नाही. कांदा काही दिवस तरी थांबतो; मासळी बर्फावाचून दुपारपर्यंतही थांबत नाही. नाशवंत मालाच्या धन्याला सौदा करताना पाठीचा कणा नसतो. तो कणा बर्फाने, शीतगृहाने आणि सहकाराने मिळतो. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्था उभारल्या, त्या याच गरजेपोटी.

आणि आपण? 2023 साली पापलेट हा राज्यमासा ठरला. त्याला मान दिला खरा; पण हाताच्या तळव्यात मावणारी त्याची पिल्ले स्वस्त मिळतात म्हणून आपणच घरी नेली, तर त्या मानाला काय अर्थ? एका घराने काय होणार, असे कोणी विचारील. बाजार म्हणजे तरी घराघरांच्या पिशव्याच की नाही? पिल्ले न घेणे, बंदीच्या दिवसांत सुक्या बोंबलांवर भागवणे, कोळणीशी दोन रुपयांसाठी हुज्जत न घालणे, एवढे आपल्या हातचे आहे. मात्र बंदीच्या काळात हातावर पोट असणाऱ्यांना आधार देणे हे सरकारचे काम. ते आपल्या पिशवीने उरकणार नाही, त्यासाठी आवाजच उठवावा लागेल.

लक्ष्मीपूजनाला आपण जिची पूजा करतो, ती लक्ष्मी समुद्रमंथनातून वर आली, असे पुराण सांगते. त्याच मंथनातून हलाहलही निघाले, आणि ते पिण्यास महादेव पुढे आले म्हणून सृष्टी वाचली. आजच्या मंथनातले हलाहल मात्र मुकाट्याने लहान होडीवाल्याच्या पुढ्यात सरकवले जात आहे. घरोघर लक्ष्मीपुढे दिवा लावताना तिच्या माहेरच्या माणसांची एवढी आठवण ठेवली, तर सणाला उणेपणा खचित येणार नाही.