लहान राहिलेली पिल्लं

गप्पी माशाची मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस, कधी पन्नासपर्यंत जिवंत पिल्लांना जन्म देते. जन्मतः प्रत्येक पिल्लू सहा-सात मिलिमीटरचं. आई एक, जन्मवेळ एक, पाणीही एकच. तरी महिना-दीड महिन्यात त्याच टाकीत एखादं पिल्लू दुसऱ्याच्या दुप्पट दिसू लागतं. पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यालगत, माणच्या उंच सोसायट्यांमध्ये कुणी दिवाणखान्यात दोन फुटी टाकी ठेवली असेल, तर हा फरक त्यानेही पाहिला असेल. अशा वेळी पटकन निष्कर्ष निघतो: मोठी ती जातिवंत, लहान ती कमअस्सल.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. दोन दिवस आधी नीट खायला लागलेलं पिल्लू किंचित मोठं होतं. मोठं झाल्यामुळे ते खाद्यावर आधी पोहोचतं, आणि आधी पोहोचल्यामुळे आणखी मोठं होतं. मागे पडलेलं कोपऱ्यात, वनस्पतीच्या आडोशाला राहतं. उरलंसुरलं खातं आणि बरीचशी ताकद दबकून राहण्यात घालवतं. 1980च्या दशकात नॉर्वेत संशोधक मॅल्कम जोब्लिंग यांनी ‘चार’ (charr) नावाच्या थंड पाण्यातल्या माशावर याचा अभ्यास केला. मोठ्यांच्या सहवासात खुंटलेले लहान मासे वेगळे काढल्यावर त्यांची वाढ वेग घेऊ लागली. वाढण्याची क्षमता त्यांच्यात होतीच. संगतीने ती दाबून ठेवली होती.

मत्स्यशेतीत हे ज्ञान जुनं आहे. कटला-रोहूचं मत्स्यजिरे, मग बीज, मग बोटुकली अशा टप्प्यांनी पिल्लं वाढवतात आणि प्रत्येक टप्प्यावर जागा व गर्दी बदलतात. मरळीसारख्या मांसाहारी माशांत तर आकाराची निवड हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. तोंडात मावेल एवढं भावंड दिसलं की मोठं पिल्लू ते गिळतं. घरच्या टाकीत ऑस्कर माशाची पिल्लं वाढवणाऱ्यालाही याच धोक्याकडे लक्ष द्यावं लागतं. रोज एक-दोन पिल्लं कमी होतात, मेलेलं मात्र एकही सापडत नाही.

घरी निवड करायला यंत्र लागत नाही. सारख्या भोकांची, कडा गुळगुळीत असलेली प्लास्टिकची टोपली पाण्यात अर्धी बुडवून तिच्यात पिल्लं सोडली, की लहान पिल्लं आपणच बाहेर निसटतात. जाळीने उपसण्यापेक्षा वाटीने पाण्यासकट उचलणं बरं. कोवळ्या अंगावरचा बुळबुळीत थर टिकतो. लहानांसाठीच्या दुसऱ्या टाकीत निम्मं पाणी पहिल्याच टाकीतलं असावं. माणसारख्या भागात हे अधिकच जपायला हवं. अनेक सोसायट्यांत आज बोअरवेलचं, उद्या टँकरचं पाणी येतं, आणि पाण्याचा जडपणा अचानक बदलला तर मोठा मासा सोसतो, पिल्लू सोसत नाही.

पण आकार पाहताना एक फसगत होते. गप्पीचे नर वयात आले की त्यांची वाढ जवळजवळ थांबते. माद्या वाढतच राहतात. लहान म्हणून बाजूला काढलेल्यांत त्यामुळे पुष्कळदा धडधाकट नरच निघतात. चिलापी माशांत उलट: तिथे नर झपाट्याने वाढतात. शिवाय निवड एकदा करून भागत नाही. लहानांच्या टाकीतही थोड्या दिवसांत नवा दादा तयार होतो, नवा मागे पडतो. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावं लागतं आणि कालचा लहान आज मोठ्यांत टाकावा लागतो.

गुणांनुसार ‘अ’, ‘ब’, ‘क’ तुकड्या पाडणाऱ्या शाळा महाराष्ट्राने भरपूर पाहिल्या आहेत. तिथे एकदा ‘क’मध्ये बसलेलं मूल बहुधा दहावीपर्यंत ‘क’मध्येच राही आणि अनुभवी शिक्षक ‘अ’च्या वाट्याला जात. टाकीतला रिवाज नेमका उलटा आहे. आर्टेमिया नावाच्या इवल्या जलजीवाची ताजी पिल्लं, उकडलेल्या अंड्याचा चाळून घेतलेला बलक, दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं, हे सगळं आधी लहानांच्या टाकीत जातं. वर्गवारी दोन्हीकडे होते. शाळेत तिने मुलाला शिक्का दिला, टाकीत ती पिल्लाची गरज दाखवते. एवढ्या फरकावर न्याय-अन्याय ठरतो.

पुढची पिढी कुणापासून घ्यायची, हा प्रश्न याहून गंभीर. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड रेझनिक आणि जॉन एंडलर यांच्या त्रिनिदादमधल्या प्रयोगात, मोठ्या गप्पींना खाणारे शिकारी असलेल्या पाण्यातून काही गप्पी 1976मध्ये वेगळ्या पाण्यात सोडले गेले. तिथला शिकारी मुख्यतः लहान गप्पी खाई. अकरा वर्षांनी त्यांचे वंशज उशिरा आणि मोठ्या आकाराचे होऊन वयात येत होते, आणि हा बदल आनुवंशिक होता. कोण वाचतं यावर पुढची जात घडते. टाकीसमोर वाटी घेऊन बसलेला माणूसही, त्याला जाणवो न जाणवो, तेच ठरवत असतो. केवळ आकार पाहून प्रजोत्पादनाचे मासे निवडणं म्हणूनच घाईचं. पोहणं, भूक, पाठीचा कणा आणि रोगाला तोंड देण्याची ताकद पाहायला वेळ द्यायला हवा.

उरलेल्या पिल्लांचं काय करायचं, हे निवडीआधीच ठरलेलं असावं. मोह होतो तो जवळच्या ओढ्यात किंवा मुळा नदीत सोडण्याचा, आणि त्यात दयेची भावनाही असते. पण मुळेचं पाणी मुठेला मिळून पुढे भीमेत आणि उजनी धरणात जातं. भारतात 1952मध्ये मत्स्यशेतीसाठी आणलेला चिलापी आज उजनीच्या जाळ्यांत मुबलक सापडतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला गप्पी डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडे आणला गेला, आणि तोही पुणे परिसरातल्या वाहत्या पाण्यात पसरला आहे. स्थानिक माशांच्या पिल्लांना या पाहुण्यांशी अन्नासाठी झगडावं लागतं. तेव्हा जास्तीची पिल्लं शेजाऱ्याला द्यावीत, मासे विकणाऱ्या ओळखीच्या दुकानात द्यावीत, नाहीतर पुढच्या वेळी नर-माद्या वेगळ्या ठेवून पिल्लंच होऊ देऊ नयेत. गप्पीची मादी एका मिलनानंतर काही महिने पिल्लं देऊ शकते, म्हणून हे वेगळं करणं माद्या वयात येण्याआधीच उरकावं. नदीत मात्र एकही पिल्लू सोडू नये.