दहा तासांचे पाहुणे

इस्तंबूलला पुढच्या विमानाला दहा तास होते आणि व्हिसा हातात होता. वेळ सार्थकी लावायचा म्हणून मी यादी केली. (सार्थकी म्हणजे खरं तर वसूल, बुफेत आपण तेच करतो.)

आया सोफियाच्या दारातली रांग बघून मागे फिरले. ५३७ मध्ये चर्च, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. ही वास्तू कुणाची, यावर तिथले लोक अजून वाद घालतात. मी चाळीस मिनिटांत मत बनवलं असतं आणि घरी येऊन ठासून सांगितलंही असतं.

मग एमिनोन्यूहून कादिक्यॉयची बोट धरली. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. शेजारच्या आजींनी सिमिट, म्हणजे तीळ लावलेल्या पावाचं कडं, मोडून अर्धं मला दिलं आणि नातवाला म्हणाल्या, 'मिसाफिर.' तुर्कीत मिसाफिर म्हणजे पाहुणा. मूळ अरबी शब्द एकच, पण आपला मुसाफिर नुसता प्रवासी. प्रवाशाचं देणं तिकिटापाशी संपतं. पाहुण्याचं कुठे संपतं? मी अनुवादक. परक्या भाषेत शिरून तिथलं काही उचलून आणणं हाच माझा धंदा, त्यामुळे हा प्रश्न मला झटकता येईना.

पिशवीत घरून आणलेली शेंगदाण्याची चिक्की उरली होती, ती पुढे केली. आजींनी एक तुकडा तोंडात टाकला, दुसरा रुमालात बांधला.

यादीतलं बाकी सगळं राहिलं.