माफ करण्याचा हक्क कोणाचा?

मराठीतला ‘अनामत’ हा शब्द मूळचा अरबी ‘अमानत’. उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना त्याचा अर्थ सांगतो: दुसऱ्याची वस्तू, आपल्याकडे जपून ठेवायला दिलेली. निवडणुकीच्या कामावर गेलो की हाच शब्द पुन्हा भेटतो. विधानसभेचा उमेदवार 10 हजार रुपये अनामत भरतो आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मते पडली नाहीत तर ती जप्त होते. पण मतदारानेही उमेदवाराकडे काही ठेवलेले असते. ती अमानत बुडाली तर काय जप्त करायचे?

आमच्या गडमुडशिंगीत पुढाऱ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘खाल्लं असंल, पण काम तर केलं!’ हे वाक्य एकट्या आमच्या गावाचे नाही, सगळ्या महाराष्ट्राचे आहे. म्हणूनच ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी आम्ही दूरच्या खानदेशातले, जळगावचे उदाहरण घेतो.

सुरेशदादा जैन 1980 पासून 2014 पर्यंत जळगावचे आमदार होते. पक्ष बदलले, चिन्हे बदलली, पण जळगावने दादांना सोडले नाही. ते मंत्री झाले. नगरपालिका त्यांच्या शब्दावर चाले. त्या काळात उभी राहिलेली पालिकेची 17 मजली इमारत जळगावकर आजही पाहुण्याला अभिमानाने दाखवतात. काम केले नाही असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही.

त्याच नगरपालिकेने नव्वदच्या दशकात गरिबांसाठी घरकुल योजना काढली. त्यासाठी हुडकोचे कर्ज घेतले. सुमारे 11 हजार घरे बांधायची होती, पुरी झाली जेमतेम दीड हजार. जागेची मालकी आणि परवानग्या यांची नीट खातरजमा झाली नव्हती, तरी ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ रकमा मिळत गेल्या. 2006 साली तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसात फिर्याद दिली. मार्च 2012 मध्ये जैन यांना अटक झाली आणि चार वर्षांहून अधिक काळ ते कोठडीत राहिले. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यांना सात वर्षे कैद आणि 100 कोटी रुपये दंड सुनावला. पुढे अपील झाले, उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. कायद्याचे काम कायदा करील. आमचा प्रश्न वेगळा आहे.

त्या दिवशी दोषी ठरले एकूण 48 जण. त्यांत माजी मंत्री गुलाबराव देवकर होते आणि मोठ्या संख्येने माजी नगरसेवक होते. ठराव आला की हात वर करायचा, एवढेच आपले काम, असे त्यांतल्या किती जणांना वाटले असेल? दादांनी सांगितले आहे म्हणजे बरोबरच असेल, असे म्हणून वर केलेला हातसुद्धा हातच असतो. त्याचा जाब हात वर करणाऱ्यालाच द्यावा लागतो.

आणि मतदार? 2006 ला फिर्याद झाली, तरी 2009 ला जळगावने दादांनाच निवडून दिले. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, हे बरोबर आहे. पण मग 2014 ला, दादा कोठडीत असताना, त्यांना पाडले तेव्हाही गुन्हा कुठे सिद्ध झाला होता? निकाल यायला अजून पाच वर्षे होती. त्या वर्षी राज्यात वारे बदलले होते, हे खरे. तरीही शंका येते, मधल्या पाच वर्षांत आमची नीती बदलली की फक्त दादांची ताकद कमी झाली? आम्ही ‘आमची’ म्हणतो, कारण जळगावच्या जागी कोल्हापूर असते तर वेगळे घडले असते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता त्या वाक्याकडे येऊ. ‘खाल्लं, पण काम केलं.’ या हिशेबात एक गफलत आहे. काम झाले ते एकाच्या वाट्याला आणि गेले ते दुसऱ्याच्या वाट्याचे. रुंद रस्त्यावरून ज्याची मोटार जाते, त्याला स्वतःचे घर आधीपासून आहे. ज्याचे घरकुल झाले नाही, तो त्या रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली राहतो. शिवाय हुडकोच्या कर्जाचे ओझे वर्षानुवर्षे महापालिकेच्या मानेवर राहिले, म्हणजे न झालेल्या घरांचे हप्ते शहराला पडले. अशा वेळी मोटारवाल्याने मोठ्या मनाने म्हणावे, ‘जाऊ द्या, दादांनी शहरासाठी खूप केले’? हे मोठे मन त्याने कोणाच्या जिवावर दाखवले?

आमच्यात लहानपणापासून शिकवतात की अल्लाहच्या हक्कात झालेली चूक अल्लाह माफ करील, पण माणसाच्या हक्काची माफी त्या माणसाकडेच मागावी लागते. याला ‘हुकूक-उल-इबाद’ म्हणतात. ज्याचे देणे आहे त्याला ते परत करा, नाहीतर त्याच्या दारात जाऊन माफी मागा. तिसऱ्याने मध्ये पडून ‘जाऊ द्या’ म्हणायचे नाही. हे कळायला मुसलमान असण्याची गरज नाही. शेजाऱ्याची उसनवारी तिसऱ्याने माफ केलेली कोणत्याही गल्लीत चालत नाही.

100 कोटींचा दंड वसूल झाला तरी ज्या आईने घराची वाट पाहत झोपडीत मुले वाढवली, तिची ती वर्षे भरून येणार नाहीत. म्हणून अमानत बुडाल्यावर काय जप्त करायचे, याचे उत्तर आम्हाला शिक्षेत सापडत नाही. पुढाऱ्याचा चढता काळ असतो, त्याच्या एका शब्दावर हात वर होतात, तेव्हाच ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत उभे राहून एवढेच विचारायला हवे: यादीतली किती घरे झाली? ज्यांची झाली नाहीत, ते आज कुठे राहतात? विचारणाऱ्याला खाली बसवतील. त्याने पुढच्या सभेत पुन्हा उठावे.