भुंय कोणाची

गिरगावातली जुनी सदनिका घ्यायचे ठरवले तेव्हा रामनगरला आईला फोन केला. किंमत सांगितली, तिसरा मजला आहे हे सांगितले, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचे ऊन येते तेही सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘भुंय कोणाची रे?’’

तिच्या तोंडी हा प्रश्न आला याला कारण आहे. आमचे घर सुप्याचे. काळी आणि पांढरी नदी जिथे मिळतात तिथले सुपे. आजच्या जोयडा तालुक्याला पूर्वी त्याचेच नाव होते. गणेशगुडीला काळीवर 101 मीटर उंचीचे धरण उभे राहिले, 1987 मध्ये ते पुरे झाले आणि सुपे पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, आमच्यासारखी माणसे रामनगरला. त्या जलाशयात सुमारे 147 टीएमसी पाणी मावते, असे मी पुढे वाचले. आईला त्या आकड्याशी देणेघेणे नाही. ती म्हणते, भुंय कुठेही गेलेली नाही, ती जिथल्या तिथे आहे. फक्त तिच्यावर पाय ठेवता येत नाही.

आणि आता मी जे घेत होतो त्यात पाय ठेवायला लादी होती, पण भुंय चाळीस फूट खाली. आईला उत्तर द्यायचे म्हणून मी कागद वाचू लागलो.

कायद्याने माझ्या हाती आले ते गृहनिर्माण संस्थेचे एक शेअर सर्टिफिकेट: पाच भाग, दर भागाला पन्नास रुपये. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज ज्याच्यासाठी, त्याची दर्शनी किंमत अडीचशे रुपये. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा पोटात खड्डा पडला. पुढे उमजले की ही रक्कम घराची नाहीच. ती एका समूहात शिरण्याची आहे. जमीन आणि इमारत संस्थेची, राहण्याचा हक्क सभासदाचा, आणि संस्था म्हणजे आम्ही चोवीस बिऱ्हाडे.

ही रचना ज्यांनी आपल्याकडे रुजवली त्यांची मुळे आमच्याच उत्तर कानडा जिल्ह्यात आहेत, हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले. 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. देशातली पहिली गृहनिर्माण सहकारी संस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्मकी होते, आणि पोटापाण्यासाठी उत्तर कानड्यातून मुंबईत आलेला चित्रापूर सारस्वत समाज. त्या काळी हा जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. 1862 ते 1956 अशी चौऱ्याण्णव वर्षे तो मुंबईच्याच कारभाराखाली राहिला. कारवार-सुप्याच्या माणसाला मुंबई ही आपल्याच इलाख्याची राजधानी होती. 1904 च्या सहकारी कायद्याने फक्त पतसंस्था काढता येत; 1912 च्या कायद्याने इतर कामांसाठीही संस्था काढण्याची वाट मोकळी झाली आणि तीनच वर्षांत या लोकांनी घराचा प्रश्न हाती घेतला. 1896 च्या प्लेगला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. कोंदट खोल्यांत माणसे कशी मेली हे पाहिलेली ती पिढी होती. एकेकट्याच्या पगारात मुंबईत भुंय येत नाही, मग ती सगळ्यांची मिळून घ्यायची आणि कोणा एकाची होऊ द्यायची नाही, हा विचार मला अतिशय मोठा वाटतो. आमच्या कुणब्यांच्या वाड्यांत मांड असतो, सणाला सगळ्यांनी जमायची जागा; तो कोणा एकाचा नसतो आणि सगळ्यांचा असतो. तल्मकींच्या मनात मांड होता असे मी म्हणणार नाही. पण ज्या मातीतून ते लोक आले तिथे सामायिक जागेची कल्पना परकी नव्हती.

तरीही आईच्या प्रश्नाला धार होतीच. महाराष्ट्रात 1963 चा मालकी सदनिका कायदा सांगतो की संस्था नोंदली गेल्यावर बांधणाऱ्याने जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे बोलीभाषेतले कन्व्हेयन्स, करून द्यावे. नियमांत त्याला चार महिन्यांची मुदत आहे. पुष्कळ इमारतींत चाळीस-चाळीस वर्षे ते झालेले नसते. लोक घर विकतात, घेतात, लग्ने लावतात, आणि खालची भुंय कागदावर भलत्याच माणसाची असते. म्हणून 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली. जुने घर पाहायला जाणाऱ्याने नळाला पाणी किती वेळ येते हे जरूर विचारावे, पण त्याआधी मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचे आहे ते पाहावे. आमच्या संस्थेचे होते. फोनवर मी आईला तसे सांगितले. ती म्हणाली, ‘‘बरं. आणि भिंती?’’

भिंतींचे उत्तर अवघड होते. सुप्याच्या मातीच्या घराला दर वर्षी पावसाआधी हात लावावा लागे. भेगा लिंपायच्या, नळे चाळायचे, ओटी सारवायची. मातीचे घर आपले दुखणे लगेच दाखवते. काँक्रीट तीस वर्षे काही बोलत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात हळूहळू मुरतो, लोखंडाला जपणारा त्याचा अल्कधर्मी गुण ओसरत जातो, समुद्रावरचा खारा वारा त्यात भर घालतो. मग सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि एके दिवशी छताचा पोपडा ताटाशेजारी पडतो. आमची इमारत 1967 ची. संरचनात्मक तपासणीचा अहवाल मी तीनदा वाचला. इमारत दुरुस्त करण्याजोगी ठरली होती, पाडण्याजोगी नाही. अभियंत्याने माझ्यासमोर खांबावर हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकवला. एका जागी तो भरीव होता, हातभर अंतरावर पोकळ. फणस पिकला का ते माझे आजोबा बोटाने वाजवून असेच ऐकत.

विकणाऱ्या गृहस्थांचे नाव सर्टिफिकेटवर वडिलांचे नामनिर्देशित म्हणून चढले होते. नामनिर्देशनाने वारसा ठरत नाही. त्यांच्या दोन बहिणींचे हक्कसोडपत्र लागले. एक धारवाडला, एक पुण्याला. त्यात चार महिने गेले. मला घाई होती, व्याज चालू होते, पण धारवाडच्या बाईंनी सही करण्याआधी एकदा घर पाहायचे म्हटले तेव्हा मला नाही म्हणवेना. त्या आल्या, मागच्या खोलीत गेल्या, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या उंचीच्या रेघा होत्या तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. आमच्यापैकी कोणालाच सुप्याच्या घरी असे पुन्हा जाता आलेले नाही. ती चौकट मी रंगवलेली नाही.

दिवाळीनंतर आई आली. ती जिथून आली तो जोयडा तालुका सुमारे 1900 चौरस किलोमीटरचा आणि 2011 च्या जनगणनेत तिथे माणसे पन्नास हजारांच्या आसपास. मुंबई शहरात तेव्हा एका चौरस किलोमीटरात वीस हजारांच्या घरात. पहिल्या रात्री तिला झोप लागली नाही. वरच्या घरातला पाटा, शेजारचा खोकला, गल्लीतली हातगाडी, सगळे तिच्या उशाशी. रानात आवाज आला तर तो कशाचा ते ओळखावे लागते, नाहीतर भीती वाटते. इथेही तिने तेच केले. तिसऱ्या दिवशी तिला खोकला कोणाचा ते ठाऊक होते आणि त्यांच्याकडे आल्याचा काढा गेला होता.

मग तिने कागद मागितला. सर्टिफिकेटची पुढची बाजू तिने पाहून ठेवली. मागे हस्तांतरणांचा तक्ता असतो: तारीख, नाव, सचिवाची सही. माझे नाव चौथ्या ओळीत. तिने वरच्या तिन्ही नावांवरून बोट फिरवले आणि विचारले, ‘‘यांतलं अजून कोण आहे?’’ मला शेवटचे तेवढे माहीत होते. तिने शेजारच्या आजींना हाक मारली. त्या चष्मा घेऊन आल्या, उंबऱ्यातच बसल्या आणि पहिल्या ओळीपासून सांगू लागल्या. पहिले गृहस्थ गिरणीत कारकून होते, त्यांच्या मुलीचे लग्न याच गच्चीवर झाले, तेव्हा पाऊस आला होता. आई दिवा लावायची थांबली आणि ऐकत राहिली.