हाती असलेले, पण आपले नसलेले



स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याच्या आयुष्यात एक प्रसंग कधी ना कधी येतो. वर्षभर कष्ट केलेले असतात. मिळालेल्या पैशातून घरभाडे, मुलांची फी, आईवडिलांचे औषधपाणी आणि मंडळीचे दान भागवलेले असते. मग आयकराचे विवरणपत्र भरावयास बसावे आणि अखेरच्या ओळीत अशी रक्कम दिसावी की, जी बँकेत शिल्लकच नाही! अशा वेळी मन म्हणते, ‘माझ्या घामाचे पैसे सरकार का नेते?’ या उद्गारातील ‘माझे’ हा शब्द आपण तपासून पाहू.

नोकरदाराचा कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. जे पैसे कधी हाती आलेच नाहीत, त्यांचा मोह होत नाही. शिकवणी घेणारा, भाषांतरकार, घरोघर जाऊन उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट यांची गोष्ट वेगळी. रुग्णांची वा विद्यार्थ्यांची कुटुंबे सहसा कर कापून घेत नाहीत. पूर्ण रक्कम हाती ठेवतात. त्या रकमेतील राज्याचा वाटा कित्येक महिने आपल्याच खात्यात, आपल्याच पैशांत मिसळून राहतो. त्या वाट्याचे आपण मालक नसतो, कारभारी असतो.

एक उदाहरण घेऊ. भोपाळमध्ये राहणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट भगिनीची कल्पना करा. ती नियमित हिशेब ठेवते. आर्थिक वर्ष 2024-25 मध्ये खर्च वजा जाता तिचे करपात्र उत्पन्न 10 लाख रुपये झाले. नव्या करपद्धतीनुसार त्या वर्षाचा तिचा कर उपकरासह 52,000 रुपये होतो. एका रुग्णालयाने तिला 1,20,000 रुपये देताना दहा टक्के, म्हणजे 12,000 रुपये, कापून भरले होते. ‘माझा कर कापला गेला आहे,’ अशा समजुतीत ती निश्चिंत राहिली. प्रत्यक्षात 40,000 रुपये बाकी होते. कापणीनंतरचा कर 10,000 रुपये वा अधिक असेल, तर तो वर्षभरात जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या महिन्यांच्या 15 तारखेपर्यंत हप्त्यांनी आगाऊ भरावा लागतो. तसे न झाल्याने, जुलै 2025 मध्ये भरणा करताना तिला साडेतीन हजारांहून अधिक व्याजही द्यावे लागले.

येथे मन बंड करून उठते. तिने लबाडी केली नाही, काही लपवले नाही. मग अजाणतेपणाचा हा भुर्दंड न्याय्य कसा? या प्रश्नाला लेवीय पुस्तकाचा पाचवा अध्याय विलक्षण उत्तर देतो. परमेश्वराच्या पवित्र वस्तूंच्या बाबतीत नकळत चूक घडली, तर नियमशास्त्र त्या माणसाला लबाड ठरवत नाही. पण त्याला तसेच सोडूनही देत नाही. घडलेली हानी भरून द्यावी आणि त्यावर पाचवा हिस्सा अधिक द्यावा, असे तेथे सांगितले आहे. हेतू शुद्ध असला म्हणून देणे मिटत नाही, आणि देणे राहिले म्हणून हेतू अशुद्ध ठरत नाही. मंदिराचे अर्पण आणि राज्याचा कर एक नव्हेत. परंतु दुसऱ्याचे आपल्याकडे राहिले तर काय करावे, याचे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. म्हणून त्या भगिनीने स्वतःला अपराधी समजून खचू नये, आणि व्याजाला जुलूमही समजू नये.

याहून कठीण प्रश्न दानाचा आहे. आपल्यापैकी अनेक जण हाती आलेल्या संपूर्ण रकमेवर दशांश काढतात. ही उदारता स्तुत्य आहे. पण कराचा वाटा बाजूला न ठेवताच आपण सढळ हाताने देत असू आणि वर्षअखेरीस कर भरावयास पैसा उरत नसेल, तर आपण नेमके कोणाच्या पैशातून दान दिले? मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू अशा लोकांना दोष देतो की, जे आपली मालमत्ता देवाला वाहिली असे सांगून आईवडिलांप्रती असलेले कर्तव्य टाळीत. देवाचे नाव पुढे करून माणसांचे देणे बुडवणे त्याला मान्य नव्हते. दान कमी करा, असे मी म्हणत नाही. आधी दुसऱ्याचे वेगळे करा आणि मग आपल्यातून द्या, एवढेच म्हणणे आहे.

कोणी विचारील, ‘सरकार तरी हा पैसा कुठे नीट खर्च करते?’ नागरिकाने हा प्रश्न अवश्य विचारावा. मतदानातून, माहितीच्या अधिकारातून, लेखणीतून विचारावा. पण पौलाने रोमकरांस पत्रात ज्याचा त्याला कर देण्यास सांगितले, तेव्हा रोमच्या सिंहासनावर नीरो होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पौलाने आज्ञापालनाला राज्यकर्त्याच्या सद्गुणांची अट घातली नाही. आणि कफर्णहूमात मंदिरपट्टी मागितली गेली, तेव्हा आपण ती देण्यास बांधलेले नाही हे पेत्राला समजावूनही प्रभूने, लोकांना अडखळण होऊ नये म्हणून, ती भरण्याची व्यवस्था केली.

मग अशी मागणी आलीच तर काय करावे? प्रथम ती तपासावी. आपल्या नावे जमा झालेला कर विभागाच्या नोंदीत आहे की नाही, ते पाहावे. मागणी चुकीची असेल तर पुराव्यानिशी हरकत नोंदवावी. न लागणारा कर निमूटपणे भरणे हा काही सद्गुण नव्हे. मागणी योग्य असेल, पण ऐपत नसेल, तर अधिकाऱ्याकडे मुदत वा हप्ते मागण्याची सोय कायद्यात आहे. नोटीस कपाटात दडवल्याने व्याज थांबत नाही, आणि रात्रीची झोप मात्र जाते.

मोहाचा खरा क्षण याच वेळी येतो. ‘थोडा खर्च वाढवून दाखवा, पावतीचे मी पाहतो,’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. आतापर्यंत जी केवळ चूक होती, ती त्या एका खोट्या पावतीने पाप होते. चाळीस हजारांची बाकी वर्षभरात फिटेल; आपल्या हाताने लिहिलेले असत्य दरवर्षी नवे असत्य मागत राहील.

वाचकहो, उपाय साधा आहे. फी हाती येताच तिचा ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा आणि त्या खात्याकडे परक्याच्या ठेवीसारखे पाहावे. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा लूकमधील प्रभूचा दाखला शिष्यत्वाविषयी आहे. पण ज्याला रोजचा हिशेब मांडता येत नाही, त्याला शिष्यत्वाची किंमत तरी कशी मोजता येईल? मंडळ्यांनीही याचा विचार करावा. आपल्या तरुणांपैकी कित्येक आज पगाराविना, स्वतंत्र कामावर जगतात. त्यांना दशांश शिकवणाऱ्या मंडळीने हिशेबही शिकवावा, आणि ज्याच्यावर अशी बाकी आली आहे त्याला कुजबुजीचा विषय न करता त्याच्याजवळ बसून कागद पाहावेत. मंडळीत एखादा निवृत्त हिशेबनीस असेल, तर रविवारच्या उपासनेनंतरचा त्याचा एक तासही मोठी सेवा ठरेल.