खिडकीतून टाकलेली दप्तरं

उभे राहा. चौघंही. मान खाली घालायची गरज नाही, काल बाळापूरच्या स्टँडवर ती चांगली ताठ होती.

वाडेगावमार्गे पातूरला जाणारी गाडी लागली. पुरती थांबलीही नव्हती, तर तुमची दप्तरं खिडकीतून आत. मी पानठेल्यापाशीच उभा होतो. तुम्हाला दिसलो नाही, कारण तुम्हाला तेव्हा कोणीच दिसत नव्हतं. एक बुढी माय दांडा धरून पायरी चढत होती. काखेत पिशवी, पिशवीत दवाखान्याचे कागद. तिच्या हाताखालून तुमच्यातला एक आत घुसला. ती कशीबशी चढली अन् म्हणाली, "बाबू, जरा सरकतं का?" तुमचं उत्तर काय? "फुकटात येता अन् वर सीटही पाहिजे!" अर्धी गाडी हसली. हसणाऱ्या मोठ्या माणसांचीही मला लाज वाटली, पण ते माझ्या वर्गात नाहीत. तुम्ही आहात.

फुकट म्हणता? मग ऐका. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट. त्याचे पैसे सरकार महामंडळाला देतं, तुमच्या घरातून कोणी आणायला येत नाही. आता काढा खिशातला पास. विद्यार्थ्यांना दोन-तृतीयांश सवलत आहे. गणित येत असेल तर सांगा, तीन रुपयांतले तुमच्या बापाचे किती? एक. मग फुकट्या कोण झालं बे? अन् हिशेबही राहू द्या. तिनं पुरं तिकीट काढलं असतं, तर उठले असते का तुम्ही? ज्या सीटवर बसला होता तिच्यावर 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' असं मराठीतच लिहिलेलं होतं. दहावीत आहात, वाचता येत असावं अशी माझी समजूत.

बरं, रीतभात माहीत नाही म्हणावं, तर तेही खोटं. शेगाव इथून हाकेवर. तिथल्या मंदिरात सेवेकरी "माउली, पुढं चला" म्हणाले की तुम्ही गरीब गाय होता. तासन् तास रांगेत उभे राहता, कोणाला कोपर लागत नाही. उर्साला जाणारेही दर्ग्यात कसे दबकत चालतात ते मी पाहिलंय. म्हणजे येतं सगळं. शेगावात अनोळखी माणूस माउली, अन् बाळापूरच्या स्टँडवर तीच माउली 'ओ बुढे'? अशी भक्ती गजानन महाराजांच्या चिलमीतही टाकू नका.

 

आजपासून शाळा सुटली की स्टँडवर गाडीच्या दारापासून दोन पावलं बाजूला उभं राहायचं. गाडी थांबू द्यायची. उतरणारे उतरू द्यायचे, मग लेकरंवाल्या बाया, म्हातारे, अन् शेवटी तुम्ही. दप्तर पाठीवर. जागा नसली तर उभ्यानं जा, वाडेगाव म्हणजे काही दिल्ली नाही. अन् कंडक्टरला 'ओ मास्तर' म्हणून शिट्टी मारलेली पुन्हा कानावर आली, तर पासाच्या अर्जावर शाळेचा शिक्का मागायला येऊच नका.

अन् तू रे, तिसरा. मघापासून तोंड न उघडता मान हलवतोस, म्हणजे गालात खर्रा आहे. जा, नळावर चूळ भरून ये. खिडकीतून थुंकलास तर खबरदार.