न पाहिलेल्या सोन्याची किंमत

मार्चमधला रविवार. टोरोंटोत बर्फ अजून वितळायचा होता. दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, ब्रॅम्प्टनहून आला आणि चहा संपायच्या आत त्याने फोन माझ्यासमोर धरला. एका छोट्या सोन्याच्या खाणकंपनीचा शेअर, चाळीस सेंट्सला. "तू अकाउंट्सचा माणूस. वाचून सांग. डाउन पेमेंटमधले वीस हजार टाकतो."

खाणकंपनी म्हणायचं, पण खाण नव्हतीच. उत्पन्न शून्य. होती ती जंगलात पाडलेली काही भोकं आणि त्यांचा रिपोर्ट. टनामागे साधारण एक ग्रॅम सोनं. म्हणजे पाच ग्रॅमच्या अंगठीसाठी पाच टन दगड फोडायचा! दोन भोकांच्या मधे काय आहे, हे कुणी पाहिलेलं नसतं. तिथे अंदाज असतो. म्हणून रिपोर्टमध्ये 'इन्फर्ड', 'इंडिकेटेड', 'मेजर्ड' अशा पायऱ्या असतात. 'रिझर्व्ह' हा शब्द तर सोनं काढणं परवडतं हे दाखवल्यावरच वापरता येतो. दादाच्या कंपनीचं जवळजवळ सगळं सोनं 'इन्फर्ड'मध्ये होतं. शिवाय ड्रिलिंगसाठी ती दरवर्षी नवे शेअर काढायची, म्हणजे जुन्यांचा वाटा आपोआप बारीक.

बुसांग आठवलं. बोर्निओतली ही जागा कॅलगरीच्या ब्रे-एक्स कंपनीने १९९३मध्ये घेतली. पेनी स्टॉकची कंपनी बघता बघता सुमारे सहा अब्ज कॅनेडियन डॉलरची झाली. दगडाच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. खरं तर सोन्याचे कण गोलसर होते, नदीतल्या सोन्यासारखे. नमुन्याचा अर्धा भाग पडताळणीसाठी ठेवायचा असतो, तिथे तो बहुतेक सगळाच दळला जायचा. खुणा डोळ्यांसमोर होत्या. मार्च १९९७मध्ये कंपनीचा भूशास्त्रज्ञ मायकल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून पडून मेला. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीने सांगितलं, तिथे सोनंच नाही. पेन्शन फंडांचेही पैसे बुडाले. त्यानंतर २००१मध्ये कॅनडात ४३-१०१ हा नियम आला: रिपोर्टवर पात्र तज्ज्ञाची सही हवीच. दादाच्या रिपोर्टवर ती होती. सही करणारा साइटवर दोन दिवस जाऊन आला होता.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७मध्ये 'द एथिक्स ऑफ बिलीफ' हा निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय हे त्याला माहीत आहे, पण शंका मनातून हुसकून तो उतारूंना निर्धास्त समुद्रावर पाठवतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, ते सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी होता, कारण विश्वास ठेवायचा हक्क त्याने कमावलेला नव्हता.

मला हे पूर्ण पटत नाही. पुराव्याआधी कुणी पैसे लावलेच नाहीत तर भोकं कोण पाडणार? एकही खाण सापडणार नाही. पण पैज लावणारा स्वतःला सांगत असतो की ही पैज आहे. जहाजमालक ते सांगत नव्हता. आणि उतारूंना तर अजिबातच नाही.

आता अवघड भाग. दादाने लिंक मंगळवारी पाठवली होती. बुधवारी मी त्याच कंपनीचे दोन हजार शेअर घेतले होते, रिपोर्ट न उघडता. त्यामुळे रविवारी वाचताना माझे डोळे आपोआप चांगल्या आकड्यांवर थांबत होते. दादाने वीस हजार लावले असते तर मला एकटं वाटलं नसतं. भाव तिप्पट झाला असता तर दोघंही म्हणालो असतो, काय अंदाज होता! आणि अंदाज तर मी केलाच नव्हता.

"काय मग, घेऊ?" दादाने विचारलं.

मी फोन उलटा ठेवला आणि आधी माझ्या दोन हजार शेअर्सचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि आज मला सांगतोयस?"